साळवे काकांची डबल बेल

साळवे काका,

लेखी हवं होतं ना तुम्हाला? घ्या.

"बाई, तोंडी नको. तोंडी काय, ड्रायव्हरही कबूल करतो. लेखी द्या," हे वाक्य तुम्ही मला इतकी वर्षं ऐकवलंत आणि दर वेळी मी विषय बदलला. कधी तुमचं ब्लडप्रेशर तपासायला घेतलं, कधी काकूंकडे चहा मागितला, एकदा तर सरळ चप्पल घालून निघून आले. आता तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले आणि विषय बदलण्यासाठी समोर कोणी उरलेलं नाही. म्हणून बसले लिहायला. पण मी माझ्या पद्धतीने लिहिणार, आधी सगळी हकीकत आणि मग निष्कर्ष. मध्येमध्ये बोलायचं नाही. या वेळी ते तुम्हाला जमेल.

आपली पहिली भेट हडपसरला, तुमच्या दोन खोल्यांत. पक्षाघाताला पाच आठवडे झाले होते. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड संपावर गेलं होतं. मी तिशीतली फिजिओथेरपिस्ट, कोथरूडहून स्कूटरवर येणारी, नुकती स्वतःची प्रॅक्टिस सुरू केलेली. म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं नेमकं वय. तुम्ही तीस वर्षं सिटी बसचे कंडक्टर. पलंगावर पडल्यापडल्या तुम्ही मला पास तपासावा तसं न्याहाळलंत आणि जड जिभेने पहिलं वाक्य बोललात.

"उशीर झाला."

"सात मिनिटं," मी म्हटलं.

"नऊ."

नऊच झाली होती. मी घड्याळ पाहिलं आणि तिथेच ठरवलं की या माणसाशी आपलं जमायचं नाही.

नव्या पेशंटला मी एक प्रश्न विचारते, काय जमायला हवं? कोणी म्हणतं, हाताने जेवता यायला हवं. कोणी म्हणतं, निदान बाथरूमला एकट्याने जाता यावं. तुम्ही म्हणालात, "तिसरा मजला."

मला वाटलं, डोक्यावरही परिणाम झालेला दिसतो. मग तुमच्या उज्ज्वलाने खुलासा केला. तिला कोथरूडात, एका बंगल्यात थाटलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. तिने तिथेच जवळ फ्लॅट बुक केला होता, तिसऱ्या मजल्यावर. ताबा दहा महिन्यांनी. इमारतीला लिफ्ट नव्हती. बिल्डर म्हणाला होता, नंतर बसवू. नंतर म्हणजे कधी, हे विचारण्याचा भाबडेपणा तेव्हा कोणी करत नसे.

"मी तळमजल्याचा बदलून घेते, बाबा," उज्ज्वला म्हणाली.

"नाही. माझ्या पोरीने तिसरा घेतलाय, मी तिसऱ्यावर जाणार. आणि चालत. मी काय टेम्पोतून उतरवायचं कपाट आहे?"

मी मान डोलावली. अशा वेळी मान डोलवायची असते, ते आम्हाला शिकवतात. मग फाइल मांडीवर घेऊन माझे अंदाज लिहिले. पलंगावरून उठणे: शक्य. काठीने घरात चालणे: शक्य, सहा महिने. जिने चढणे: अपेक्षित नाही. खाली सही. तुम्ही समोर उशीला टेकून शांतपणे माझ्याकडे बघत होतात. फाइलमधली अक्षरं माझ्याकडे तोंड करून होती, त्यामुळे मीही शांत होते.

काम सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला खुर्चीतून उभं करायचं ठरलं. पाय जागेवर ठेवले, कंबरेला पट्टा बांधला आणि म्हटलं, "उठा." तुम्ही ढिम्म. "चला, उठा काका." काही नाही. हालचाल सुरूच न होणं हे अशा आजारात दिसतं, त्याला आमच्याकडे एक लांबलचक नाव आहे. मी ते फाइलमध्ये लिहायला घेतलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"तसं न्हाय हलायचे ते, बाई. डबल द्यावी लागती."

आणि काकूंनी चमच्याने फुलपात्रावर दोन टोले दिले. टण टण.

तुम्ही उठलात. माझ्या पट्ट्याला हिसका बसेल इतक्या जोरात उठलात.

ते लांबलचक नाव मी खोडलं. तीस वर्षं दोन टोल्यांवर निघणारा आणि एका टोल्यावर थांबणारा माणूस 'उठा' या शब्दावर कसा हलणार? मात्र हे चाळे मला अजिबात पसंत नव्हते. शेजारणीने एकदा पातेल्याच्या काठावर डाव आपटला, एकदाच, तर तुम्ही खोलीच्या मधोमध एक पाय उचललेला ठेवून ब्रेक लागल्यासारखे थांबलात. "स्टॉप नव्हता," असं वर मलाच सांगितलंत. काकू बाजारात गेल्या की पंचाईत व्हायची. तुम्ही फुलपात्र माझ्यापुढे धरायचात.

"मी चार वर्षं शिकले ती फुलपात्र वाजवायला नाही," मी म्हणायची.

"ड्रायव्हरसुद्धा शिकलेला असतो, बाई. तरी बेलवरच चालतो."

मी नाही वाजवलं. काकू येईपर्यंत आपण दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. माझी पुढची व्हिजिट चुकायची. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

तुमच्या डाव्या पायाचं नाव तुम्ही ड्रायव्हर ठेवलंत आणि उजव्याचं पॅसेंजर. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी," हे मी पेशंटांना हजारदा सांगते आणि ते हजारदा विसरतात. तुम्ही एकदाच ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे चढताना ड्रायव्हर, उतरताना पॅसेंजर." आजही मी सगळ्यांना असंच सांगते. हा शोध तुमचा, हे मात्र सांगत नाही. पॅसेंजर झोपायचा फार. तुम्ही काठीने त्याच्या पोटरीवर टिचकी मारून म्हणायचात, "ओ साहेब, रामटेकडी आली, उतरायचंय ना?"

सराव तुमच्या वस्तीतल्या विहाराच्या पायऱ्यांवर. पाचच पायऱ्या, पण तुम्हाला पहिल्या पायरीवर पॅसेंजर चढवायलाच तीन आठवडे लागले. विहाराच्या कट्ट्यावर बसणारी तुमच्या वयाची मंडळी रोज सूचना करायची आणि तुम्ही त्यांना रोज "पुढे सरका, दारात गर्दी करू नका" म्हणून दटवायचात. सकाळची वंदना झाली की व्यायाम, संध्याकाळी पुन्हा. पावसात, उन्हात, ताप असताना. ताप असताना नको म्हटलं होतं मी. तुम्ही काकूंना मला न सांगण्याची शपथ घातली होतीत, हे मला सहा वर्षांनी कळलं.

तिथेच आपला मोठा वाद सुरू झाला. मी म्हणायची, दिवसाला शंभर वेळा खुर्चीतून उठता म्हणून मांडीत जोर येतोय, यात बाकी काही नाही. तुम्ही म्हणायचात, श्रद्धा.

"कशावर श्रद्धा? तुम्ही तर देव मानत नाही."

"देवाचं कोण बोलतंय? बसस्टॉपवर माणूस उभा असतो. बस दिसत नाही, आवाज येत नाही, बोर्डावरची वेळ टळून गेली. तरी उभा असतो. त्याला काय म्हणाल?"

"दुसरा पर्याय नसलेला माणूस."

"मी श्रद्धावान म्हणतो. आणि तीस वर्षं आतून पाहिलंय, जो उभा राहतो त्यालाच बस मिळते. रिक्षाने गेला त्याला नाही."

"रिक्षाने गेलेला आधी पोचतो, काका."

"पोचतो. पण बस मिळत नाही."

मी तुम्हाला पुन्हा वीस वेळा उठबस करायला लावली.

एकदाच तुम्ही गंमत न करता बोललात. चौथ्या पायरीवर टेकला होतात, घामाने निथळत. मी तुमच्या पायाचा पट्टा आवळत होते. "मांजरी गावात आमच्या बापाला लोकांच्या पायरीवर पाय ठेवायची सोय नव्हती," तुम्ही म्हणालात. "खाली उभा राहून हाक मारायचा. आता माझ्या पोरीच्या स्वतःच्या पायऱ्या झाल्यात. चोपन्न आहेत, मी मोजायला लावल्या तिला. त्यातली एकसुद्धा मला उचलून नेऊन चुकवायची नाही, बाई." मी पट्टा जरा जास्तच आवळला. तुम्ही ओरडलात.

आणि मग तो दिवस. सामानाचा टेम्पो सकाळीच येऊन गेला होता. उज्ज्वला वर दारात उभी, खाली यायची तिला तुमची सक्त मनाई. तुम्ही इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेला, निवृत्तीनंतर पहिल्यांदा. मी पट्टा धरून तुमच्या मागे. माझ्या मागे काकू, फुलपात्र घेऊन. तुम्ही जिन्याला रूट लावून टाकला होतात. तळमजला हडपसर, पहिलं वळण रामटेकडी, पहिला मजला फातिमानगर, मग पुलगेट, दुसरा मजला स्वारगेट, पुढचं वळण डेक्कन आणि तिसरा मजला कोथरूड.

टण टण.

फातिमानगरपर्यंत गाडी बरी गेली. पुलगेटला काठी निसटली आणि खडखडत हडपसरला गेली, ती आणायला काकू गेल्या. स्वारगेटला तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या चपलांच्या स्टँडवर बसकण मारलीत आणि दार उघडलं. आत बनियनमधले पेंडसे, निवृत्त शिक्षक, कपाळावर चष्मा.

"हे स्टँड चपलांसाठी आहे," पेंडसे म्हणाले.

"स्वारगेटला गाडी दहा मिनिटं थांबते," तुम्ही धापा टाकत म्हणालात.

पेंडशांनी तुम्हाला, मला, फुलपात्रवाल्या काकूंना क्रमाने पाहिलं. दार लावलं. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी तक्रार. दार पुन्हा उघडलं आणि पेंडशांनी लाकडी खुर्ची बाहेर ठेवली. "चार वाजता मला ही लागते. त्याच्या आत निघा."

निघालात. पण स्वारगेट ते डेक्कन या नऊ पायऱ्यांत पॅसेंजर पार झोपला. तिसऱ्या पायरीवर गुडघा दुमडला, सगळा भार माझ्या हातांवर आला. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "पुरे, काका. एकावन्न झाल्या, उरलेल्या तीन कोणी मोजत नाही. खालून चौघांना बोलावते, खुर्चीवरून नेतील." खरं तर तोवर एकोणचाळीसच झाल्या होत्या. मी घाबरले होते.

तुम्ही कठड्याला कपाळ टेकवून उभे होतात. मग म्हणालात, "सिंगल कोणी दिली? मी ऐकली नाही."

काकूंनी डबल दिली. पाय हलला नाही. पुन्हा दिली. नाही. वर उज्ज्वला रडायला लागलेली ऐकू येत होती. तिसऱ्यांदा फुलपात्र वाजलं, त्यात मघाचा खणखणीतपणा नव्हता. आणि पॅसेंजर उठला. फरफटत उठला, पण पायरीवर आला.

शेवटची पायरी चढून तुम्ही उंबऱ्यापाशी उभे राहिलात. उज्ज्वला म्हणाली, "बाबा, आत या." तुम्ही डाव्या हाताने थांब अशी खूण केलीत, खिशातून तुमचा जुना तिकिटं पंच करायचा चिमटा काढलात आणि माझ्याकडे वळलात.

"बाई, तो कागद काढा."

"कोणता?"

"पहिल्या दिवसाचा. जिने चढणे, अपेक्षित नाही."

मी खांद्यावरच्या पिशवीतून फाइल काढता काढता थांबले. "तुम्ही तो वाचला कधी?"

"लिहिलात तेव्हाच. तीस वर्षं लोकांनी पास उलटा धरून दाखवलाय. मला सुलटं वाचायलाच वेळ लागतो."

"मग दहा महिने बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही खोडलं असतं. मग सकाळी उठून मी भांडायचं कोणाशी?"

तुम्ही तो कागद उंबऱ्यावर उभं राहून पंच केलात, बरोबर 'नाही'वर. आणि म्हणालात, "आता खाली लिहा, चुकलं म्हणून. सही करा."

मी म्हटलं, "अपेक्षित नाही असं लिहिलंय. अशक्य असं लिहिलेलं नाही." आणि आपल्या पुढच्या सगळ्या वर्षांच्या भांडणाचं तिथे उद्घाटन झालं. उज्ज्वलाच्या गृहप्रवेशाचे पेढे आपण दोघांनी एकमेकांशी न बोलता खाल्ले.

नंतर तुम्ही माझ्या क्लिनिकमध्ये येऊन बसायला लागलात. बोलावलं नव्हतं मी. बाकावर बसून पेशंटांना "मागे जागा आहे, सरकून घ्या" म्हणायचात आणि जो उठायला कचरतो त्याला बाकाच्या पत्र्यावर डबल द्यायचात. मी दोनदा हाकललं. तिसऱ्या दिवशी पेशंटच विचारायला लागले, कंडक्टर आज आले नाहीत का? माझा खांदा आखडला तेव्हा तर तुम्ही सूडच उगवलात. "दहा सांगितले होते, आठ झाले," काठी टेकून माझ्यापुढे उभे. आई गं म्हटलं तर म्हणायचात, "अपेक्षित आहे." त्या खांद्याने आज मी कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढते. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लगेच लेखी मागितलं असतंत.

शेवटी बिल्डरचं 'नंतर' उगवलं आणि लिफ्ट आली. तुम्ही ती फक्त उतरायला वापरलीत. "उतरताना पॅसेंजर," म्हणायचात. चढताना जिना. पेंडशांनी दुसऱ्या मजल्यावर ती खुर्ची कायमची ठेवली आणि तिच्या पाठीला पाटी बांधली: 'ही खुर्ची साळवे यांच्यासाठी आहे. इतरांनी बसू नये. साळवे यांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये.'

गेल्या आठवड्यात उज्ज्वलाचा सकाळी फोन आला. दोनच शब्द, "बाबा गेले." मी आले. लिफ्टने नाही आले, काय वाटलं कोण जाणे. हल्ली माझा गुडघा बोलतो, दुसऱ्या मजल्यावर दम लागला. खुर्ची समोर होती. पाटी वाचली आणि उभीच राहिले.

वर वंदना झाली. मंडळींनी तुम्हाला दाराबाहेर आणलं, खांद्यावर घेतलं आणि लक्षात आलं की ती तिरडी लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणजे जिन्यानेच. आणि सगळे तिथे उंबऱ्यापाशी अडले. कोणी म्हणे, वळणावर डोकं वर घ्या, कोणी म्हणे, पाय. कोणी म्हणे, खुर्ची आडवी येतेय. खालून पेंडशांचा आवाज आला, "मी उचलतोय!" नव्वदीला टेकलेला माणूस ती लाकडी खुर्ची स्वतः ओढत आत नेत होता, दुसऱ्याला हात लावू देत नव्हता. खुर्ची गेली, वाट मोकळी झाली, तरी कोणी पाऊल उचलेना. पहिलं कोणी टाकायचं, हे कोणालाच कळत नव्हतं.

तेव्हा काकू आतून आल्या. डोळे कोरडे, हातात फुलपात्र आणि चमचा. वाजवायला हात वर केला आणि तो तिथेच राहिला. मग त्यांनी दोन्ही वस्तू माझ्यापुढे धरल्या.

"बाई, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. आन् डबल दिल्याबिगर ते हलायचे न्हाईत."

तुम्हाला हसू आलं असतं. इतकी वर्षं मी ते फुलपात्र हातात घेतलं नव्हतं. एका बाजूने पोचे आले होते त्याला, चमच्याच्या जागी.

मी डबल दिली.

गाडी निघाली, काका. कोथरूड, डेक्कन, स्वारगेट. ओठातल्या ओठात मी स्टॉप म्हणत होते, हे कोणाला सांगू नका. सिंगल मी दिली नाही.

आता निष्कर्ष. तुम्हाला लेखी का दिलं नाही, ते सांगते. त्या वर्षी तशी ओळ मी तुमच्या एकट्याच्या कागदावर लिहिली नव्हती. आणखी काही जणांच्या कागदांवर लिहिली होती. त्यांना उलटं वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना तोंडाने सांगितलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते जिने चढलेच नाहीत. तुमच्यापुढे चूक कबूल केली असती तर त्यांच्यापुढेही करावी लागली असती. ते मला झेपणारं नव्हतं. तुमच्यानंतर मात्र ती ओळ मी पुन्हा कोणाच्या कागदावर लिहिलेली नाही. पेन तिथे येऊन अडतं. आता मी लिहिते, 'जिने: बघू.' विज्ञानात हे बसत नाही, मला माहीत आहे. ते तुमच्या बसस्टॉपवरच्या माणसाचं आहे. म्हणून आपला मोठा वाद मी अर्धा सोडते. शंभर वेळा उठलात म्हणूनच जोर आला, यावर मी ठाम आहे. शंभर वेळा कशाने उठलात, ते तुमचं तुम्ही ठेवा.

तुमचा कागद समोर घेतला आहे. भोक अजून तसंच आहे, कडा जरा पिवळ्या पडल्यात. त्याखाली आत्ता लिहिलं: 'वरील अंदाज चुकला.' खाली सही केली.

कागद तुमच्याकडे तोंड करून, माझ्या बाजूने उलटा ठेवला आहे. मग लक्षात आलं, तुम्हाला तो फिरवून द्यायची गरज नाही.